सुकाणू कोणाच्या हाती, नाव कोणाचे?

१

मी ज्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो, तेथे पदवीच्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाची एक अभ्यासपत्रिका आहे. तिच्यातील यादवी युद्धाचे प्रकरण दोन तासिकांत उरकते. १८६१ साली युद्ध पेटले, १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला, १८६५ साली तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. मुले लिहून घेतात आणि परीक्षेत तेच उतरवतात. काही वर्षांपूर्वी याच तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लिंकनने गुलामांना मुक्त केले हे लिहून घेतले. पण तोपर्यंत गुलाम काय करत होते?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही. एक तर माझ्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. आणि दुसरे म्हणजे, मुलगी आमच्याच वस्तीतली होती; तिचा प्रश्न अमेरिकेपुरता नाही हे मला कळत होते. 'देणे' या क्रियापदाशी आपला परिचय जुना आहे. अस्पृश्यांना पाणवठे खुले करून दिले, देवळे खुली करून दिली, शिक्षण दिले, सवलती दिल्या. या वाक्यांत कर्ता नेहमी दुसराच कोणी असतो. आपण चतुर्थीत असतो. ज्यांनी चवदार तळ्यावर डोकी फोडून घेतली तेही पाठ्यपुस्तकाच्या व्याकरणात घेणारेच ठरतात.

त्या मुलीला उत्तर द्यायचे म्हणून मी वाचू लागलो. वाचता वाचता मला एक माणूस भेटला. १८६२ सालच्या मे महिन्यात, म्हणजे लिंकनच्या जाहीरनाम्याच्या साडेसात महिने आधी, तो शत्रूच्या तोफांखालून एक आगबोट चालवत स्वातंत्र्यात घेऊन गेला होता. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. त्याच्या धाडसाची गोष्ट अमेरिकेत अनेकदा सांगितली गेली आहे. मला येथे धाडसापेक्षा त्याच्या विद्येविषयी लिहायचे आहे. ती विद्या त्याला कोणी दिली नव्हती. ती त्याच्याजवळ होती, आणि तिचे नाव मात्र त्याच्याजवळ नव्हते.

२

जहाज चालवण्याच्या कामात दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली खुल्या समुद्राची. सूर्याची नि ताऱ्यांची उंची सेक्स्टंटने मोजायची, क्रोनोमीटरच्या घड्याळावरून रेखांश काढायचा, होकायंत्र आणि नकाशा यांच्या आधाराने दिशा धरायची. ही विद्या ग्रंथांत शिरली, नौदलाच्या विद्यालयांत शिकवली जाऊ लागली, तिला प्रतिष्ठा मिळाली.

दुसरी विद्या किनाऱ्याजवळची. महासागर ओलांडून आलेला कप्तान बंदराच्या तोंडाशी येऊन थांबतो आणि त्या पाण्याचा माहीतगार माणूस जहाजावर घेतो. त्या माणसाला पायलट म्हणतात. विमान चालवणाऱ्याला हा शब्द पुष्कळ नंतर, जहाजाकडूनच मिळाला. किनाऱ्यालगतचे पाणी हे भर समुद्रापेक्षा अधिक धोक्याचे असते. वाळूचे दांडे जागा बदलतात. मागच्या वादळाआधी जेथे वाट होती तेथे आज उथळ असते. भरती किती वाजता लागेल, ओहोटीच्या कोणत्या प्रहराला कोठे किती पाणी उरेल, काठावरचा मनोरा आणि त्यामागचे झाड एका रेषेत आले की सुकाणू किती फिरवायचे, हे सगळे डोक्यात असावे लागते. शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून खोली मोजता येते. पण दोरी कोठे सोडायची हे आधी ठाऊक असावे लागते.

हे मला पुस्तकाआधी घरात ठाऊक झाले. आमचे आबा रायगडातल्या एका खाडीत बार्जवर खलाशी होते. चौथीपर्यंत शिकलेले. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे ते पंचांग न पाहता सांगत. मला लहानपणी एकदा बार्जवर नेले तेव्हा म्हणाले होते, "पाणी गप असलं तर समजायचं खोल आहे. बडबडाय लागलं की खाली वाळू हाय." हजेरीपटावर ते खलाशी होते, सुकाणूवर सारंगाने बसावे असा नियम. रात्रीच्या खेपेला सारंग झोपत असे आणि सुकाणू आबांच्या हाती असे. ही व्यवस्था सगळ्यांना माहीत होती आणि कोठेही लिहिलेली नव्हती.

चार्ल्सटनच्या बंदरातही अशीच एक न लिहिलेली व्यवस्था होती. तिच्यामागे मात्र फटका आणि फास होता.

३

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात ॲशले आणि कूपर या दोन नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे चार्ल्सटन वसले आहे. बंदराच्या बाहेर वाळूचा लांबच लांब दांडा पसरलेला आणि त्यातून मोजक्याच वाटा. तांदूळ नि कापूस याच पाण्यातून जगभर जाई. मळ्यांपासून धक्क्यापर्यंत खाड्यांचे जाळे होते, आणि त्या जाळ्यातून होड्या वल्हवणारे, शिडे बांधणारे, माल चढवणारे हात बहुतांशी गुलामांचे होते. मालकांना हे हात हवे होते, आणि त्याच हातांची त्यांना भीतीही वाटत होती.

ही भीती कायद्यात दिसते. १८२२ साली चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराने उठावाचा कट रचल्याचे उघडकीस आले. पूर्वी एका जहाजाच्या कप्तानाचा गुलाम असलेल्या व्हेसीसह पस्तीस जणांना फाशी देण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने कायदा केला की बाहेरून आलेल्या जहाजावर कोणी मुक्त कृष्णवर्णीय खलाशी असेल, तर जहाज बंदरात असेपर्यंत त्याला तुरुंगात डांबावे. खलाशी बातम्या आणतो, हैतीच्या क्रांतीची गोष्ट सांगतो, समुद्रापलीकडे दुसरे जग आहे हे त्याच्या नुसत्या असण्यातून कळते. म्हणून त्याला धक्क्यावर फिरकू द्यायचे नाही. पुढे १८३४ साली गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हाही तेथे गुन्हा ठरला.

ज्ञानाची बंदी ही काही आपलीच मक्तेदारी नाही. पण दोन्हीकडच्या बंदीत एक सारखीच अडचण होती. अक्षर वर्ज्य करता येते, पाणी वर्ज्य करता येत नाही. मालकाचा कापूस खाडीतून बाहेर जायचा असेल, तर ती खाडी कोणाला तरी वाचता आलीच पाहिजे. मग मालकांनी काय केले? विद्या राहू दिली आणि तिचे नाव काढून घेतले. गोऱ्या माणसाने जहाजाला वाट दाखवली की तो पायलट. तेच काम गुलामाने केले की तो नुसता 'चाकवाला', म्हणजे सुकाणूचे चाक फिरवणारा. पायलट म्हटले की जबाबदारी आली, मान आला, मोबदला आला. चाकवाला म्हटले की माणूसही चाकाचाच एक भाग झाला.

रॉबर्ट स्मॉल्सचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी ब्यूफर्ट गावी, हेन्री मॅकी या मालकाच्या घरामागच्या खोपटात झाला. आई लिडिया त्याच घरात राबणारी गुलाम. तो बारा वर्षांचा असताना त्याला चार्ल्सटनला पाठवून भाड्याने लावण्यात आले. आधी हॉटेलात वाढपी, मग रस्त्यावरचे दिवे लावणारा, मग गोदीत माल चढवणारा, दोर नि शिडे बांधणारा, आणि शेवटी सुकाणूवर. मजुरी मालकाच्या खिशात जाई; त्यातला आठवड्याला एक डॉलर त्याला मिळे. १८५६ साली त्याने हॅना या हॉटेलात काम करणाऱ्या गुलाम स्त्रीशी लग्न केले. हॅना आणि त्यांची मुलगी या दोघींवर हॅनाच्या मालकाचा हक्क होता. त्या मालकाने दोघींची किंमत सांगितली आठशे डॉलर. स्मॉल्सने पै पै साठवली तेव्हा शंभर डॉलर जमले. उरलेले सातशे जमेपर्यंत मायलेकींना कोणीही कोठेही विकू शकत होते. त्याच्या धाडसामागे हा हिशेब होता हे ध्यानात घेतले पाहिजे.

४

युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेच्या फौजेने 'प्लँटर' नावाची आगबोट आपल्या कामाला लावली. प्लँटर म्हणजे मळेवाला. १८६० साली बांधलेली, सुमारे दीडशे फूट लांब, दोन्ही अंगांना चाके असलेली ही बोट मुळात कापूस वाहण्यासाठी होती. तिला पाणी कमी लागे, म्हणून उथळ खाड्यांतून ती सहज फिरे. तिच्यावर तीन गोरे अधिकारी होते आणि बाकीचे खलाशी गुलाम. सुकाणूवर स्मॉल्स. तोफा नि दारूगोळा किल्ल्या-किल्ल्यांवर पोचवणे, निरोप नेणे, पाण्यात सुरुंग पेरणे अशी कामे ही बोट करी. म्हणजे ज्या सुरुंगांनी उत्तरेची जहाजे बुडवायची, ते कोठे आहेत हे स्मॉल्सला आपल्या हाताने माहीत झाले होते. कोणत्या किल्ल्यासमोर शिट्टीचा कोणता इशारा द्यायचा हेही रोजच्या कामातूनच पाठ झाले. मालकांनी आपले सर्व गुपित एका माणसाच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवले होते, कारण तो पाहतो आहे असे त्यांना कधी वाटलेच नाही.

१२ मे १८६२ रोजी प्लँटरवर चार तोफा चढवल्या गेल्या. बोटीच्या स्वतःच्या दोन वेगळ्या. रात्री बोट जनरल रिप्लीच्या कचेरीसमोरच्या धक्क्याला लागली. अधिकाऱ्यांनी रात्री बोट सोडू नये असा हुकूम असतानाही तिघे गोरे अधिकारी घरी निघून गेले. त्यांना बोट गुलामांवर सोडण्याची भीती वाटली नाही. चाके आपणहून पळून जात नाहीत असेच त्यांनी धरले असणार.

पहाटे तीनच्या सुमाराला बाष्पके पेटली. काही खलाशी ऐन वेळी मागे राहिले. जे आले त्यांच्यात आधीच ठरले होते की पकडले गेल्यास बोट बुडवायची, आणि तेही जमले नाही तर हातात हात घालून पाण्यात उडी घ्यायची. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली. बोट आधी उलट्या दिशेने दुसऱ्या धक्क्याकडे गेली. तेथे बायका-मुले लपून वाट पाहत होती. त्यांत हॅना होती, मुलगी होती, तान्हा मुलगा होता. सगळे मिळून सोळा जीव झाले.

आता येथे पायलटाची विद्या पाहा. वाटेत एकामागून एक किल्ले आणि शेवटी सम्टर. फार लवकर गेले तर पहारेकऱ्याला संशय येणार, कारण बोट रोज त्या वेळेला जात नाही. फार उशीर केला तर उजाडणार आणि टोपीखालचा चेहरा दिसणार. वेगही रोजचाच ठेवायला हवा. सम्टरच्या भिंती जवळ आल्या तेव्हा सोबत्यांपैकी काहींना वाटले की जरा लांबून वळसा घालावा. माणसाच्या भीतीला ते साहजिकच होते. स्मॉल्सने ऐकले नाही. रोजची वाट सोडली की तीच चूक पकडली जाईल हे तो जाणत होता. कप्तान उभा राहतो तसा उभा राहून त्याने ठरलेली शिट्टी दिली. किल्ल्यावरून जाऊ देण्याचा इशारा आला. पहाटेचे साडेचार झाले होते. तोफांचा पल्ला मागे पडल्यावर मात्र बोटीने वाट बदलली आणि बाहेर नाकेबंदीला उभ्या असलेल्या उत्तरेच्या जहाजांकडे तोंड केले.

आता धोका समोरून होता. शत्रूची बोट चालून येत आहे असे समजून 'ऑनवर्ड' या जहाजाने तोफा रोखल्या. धुके होते. दक्षिणेचे निशाण उतरवून बोटीवर हॅनाने हॉटेलातून आणलेली पांढरी चादर चढवली होती. उजेड फुटला, चादर दिसली आणि तोफ थांबली. ज्या बाईची किंमत आठशे डॉलर ठरली होती, तिने आणलेल्या चादरीमुळे सोळा माणसे वाचली. इतिहासात टोपी लक्षात राहते. चादरही लक्षात राहिली पाहिजे.

नौदलाचा प्रमुख डु पाँट याने वॉशिंग्टनला कळवले की हा माणूस आजवर आपल्याकडे आलेल्या सगळ्या गुलामांहून बुद्धिमान आहे आणि त्याची माहिती अत्यंत मोलाची आहे. आठवडाभरातच कोल्स बेटाकडची मोकळी पडलेली वाट उत्तरेच्या ताब्यात आली. ती मोकळी झाली आहे ही बातमी स्मॉल्सनेच दिली होती.

५

गोष्ट येथे संपली असती तर ती वीरकथा झाली असती. माझ्या मते खरा इतिहास येथून पुढे आहे.

शत्रूचे जहाज पकडून आणणाऱ्याला त्याच्या किमतीतला वाटा देण्याची नौदलाची रीत होती. पण येथे जहाज आणणारा स्वतःच कायद्याच्या भाषेत 'युद्धात हाती आलेला माल' होता. मालाने माल आणला तर बक्षीस कोणाला? त्यासाठी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. ३० मे १८६२ रोजी लिंकनने त्यावर सही केली. बोटीची किंमत मुद्दाम लावावी तशी कमी लावली गेली आणि स्मॉल्सच्या वाट्याला दीड हजार डॉलर आले. ती किंमत हास्यास्पद होती हे १८८३ साली काँग्रेसच्या समितीनेच नोंदवले. योग्य किंमत साठ हजारांच्या वर होती. तरी वाढीव रक्कम मिळायला १९०० साल उजाडले. तेव्हा पाच हजार मंजूर झाले, आणि त्यातून आधीचे दीड हजार कापून घेतले गेले.

स्मॉल्स उत्तरेच्या बाजूने पायलट झाला. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवर चिलखती जहाजांचा हल्ला झाला तेव्हा 'किओकक' या जहाजावर तोच पायलट होता. नव्वदच्या आसपास गोळे लागून ते जहाज दुसऱ्या दिवशी बुडाले, तो वाचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्लँटर तोफांच्या माऱ्यात सापडली असता तिचा गोरा कप्तान कोळशाच्या कोठीत लपला आणि स्मॉल्सने बोट बाहेर काढली, असे सांगितले जाते. त्यानंतर त्याला त्याच बोटीचा कप्तान करण्यात आले. ज्या बोटीवर तो 'चाकवाला' होता, तिचाच तो कप्तान झाला. आता तरी नाव मिळाले असे वाटेल.

१८६४ साली हा कप्तान बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला घेऊन गेला. तेथे ट्रामगाडीत बसला असता गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडून बाहेरच्या फळीवर उभे राहण्यास त्याला सांगण्यात आले. तो उतरला आणि चालत गेला. शत्रूच्या पाच किल्ल्यांसमोरून बोट नेता आली. मित्राच्या शहरातील ट्राममध्ये बसता आले नाही. या प्रकाराचा बोभाटा झाला, चळवळ झाली आणि १८६७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने ट्राममधील भेदभाव कायद्याने बंद केला. महाविद्यालयात शिकवणारा माणूस गावी गेल्यावर त्याच्यासाठी चहाचा कप वेगळा निघतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

फिलाडेल्फियातील त्या मुक्कामात स्मॉल्स शिक्षक ठेवून लिहा-वाचायला शिकला. पंचविशी उलटली होती. पाणी वाचता येणाऱ्या माणसाला अक्षर कशाला हवे, असे कोणी म्हणेल. पण त्याला कळून चुकले होते की बोट विद्येवर चालते आणि जग कागदावर चालते. कागद वाचता आला नाही तर बोट आणणाऱ्याच्या हाती दीड हजारच पडतात.

म्हणूनच १८६८ साली दक्षिण कॅरोलिनाची नवी घटना तयार होत असताना प्रतिनिधी म्हणून बसलेल्या स्मॉल्सने मोफत आणि सक्तीच्या सार्वजनिक शाळांचा ठराव मांडला. ज्या राज्यात चौतीस वर्षांपूर्वी त्याच्यासारख्यांना शिकवणे गुन्हा होता, त्याच राज्यात. पुढे तो राज्याच्या सभागृहांत गेला, मग अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पाच वेळा. १८७७ साली त्याला लाच घेतल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि १८७९ साली माफी मिळाली. ती माफी दोन्ही पक्षांवरील खटले मिटवण्याच्या सौद्याचा भाग होती. हे लपवण्याचे कारण नाही. आपल्याला देव नको आहेत, माणसे हवी आहेत.

मात्र १८९५ साल विसरता येणार नाही. त्या साली गोऱ्यांच्या सत्तेने राज्याची घटना पुन्हा लिहिली आणि मतदारासाठी वाचता येण्याची अट घातली. मूठभर कृष्णवर्णीय प्रतिनिधींसह स्मॉल्सने सभागृहात विरोध केला. अट मंजूर झाली. हा डाव नीट पाहा. १८३४ साली म्हणाले, तुम्हाला वाचायला शिकवणे गुन्हा आहे. १८९५ साली म्हणाले, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून मत नाही. दोन्ही वेळा कायदा त्यांचाच. आपल्याकडे 'गुणवत्ता' हा शब्द ज्या तोऱ्यात उच्चारला जातो, तो ऐकताना मला हे दोन सन आठवतात. दार बंद करणारेच पुढे विचारतात, तुम्ही आत का आला नाहीत?

स्मॉल्स १९१५ साली ब्यूफर्टला वारला. ज्या घरामागच्या खोपटात जन्मला, ते घर त्याने युद्धकाळातच सरकारी लिलावात विकत घेतले होते. युद्धातील सेवेची पेन्शन मिळण्यासाठीही १८९७ साली काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला होता. अमेरिकेच्या नौदलाने दक्षिणेच्या एका विजयाचे नाव असलेल्या युद्धनौकेला 'रॉबर्ट स्मॉल्स' हे नाव दिले ते २०२३ साली. बोट आणल्यापासून एकशे एकसष्ट वर्षांनी.

६

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच साली रॉबर्ट स्मॉल्स दक्षिण कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये बसत होता. मला वाटते, जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेतील सदाचारी लोकांत आपण त्यालाही मोजले पाहिजे. कृतज्ञता केवळ मुक्त करणाऱ्यांची नव्हे, मुक्त होणाऱ्यांचीही. डु बॉइस यांनी १९३५ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले की गुलामांनी स्वतःच्या कृतीने त्या युद्धाचा निकाल फिरवला. त्याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हे नाते केवळ वेदनेचे नाही. वेदना सगळ्यांनाच असते. हे नाते हिरावलेल्या कर्तेपणाचे आहे.

आपल्याकडे समुद्राच्या विद्येचे काय झाले? बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतित करणाऱ्या पापांत घातला. शास्त्र ज्यांच्या हाती, त्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली. समुद्र ज्यांच्या हाती, त्यांना शास्त्र नव्हते. म्हणून नाखवा, सारंग, खलाशी, सुकाणू हे आपले शब्द संस्कृत पोथीतून आलेले नाहीत. ते अरबी-फारसी खलाशांबरोबर धक्क्यावर उतरले आणि आमच्या तोंडी रुजले. कोळ्यांनी, खारव्यांनी, गाबितांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली; तिला चौदा विद्यांत कोणी मोजले नाही. हाताने केलेले ज्ञान हे ज्ञानच नव्हे, हा आपल्या वर्णव्यवस्थेचा पाया आहे. चामडे कमावणे हे रसायन नाही, दोर वळणे हे शास्त्र नाही, भरती ओळखणे ही विद्या नाही. ते नुसते काम. काम करणारा बदलता येतो; विद्वान बदलता येत नाही.

आबांनी एकदा सारंगाच्या जागेसाठी विचारून पाहिले. कचेरीतल्या माणसाने त्यांच्यासमोर छापील अर्ज टाकला आणि म्हणाला, "भर." अर्ज इंग्रजीत होता. आबा तो घडी करून घरी घेऊन आले. मी तेव्हा सातवीत होतो, मलाही तो नीट वाचता आला नाही. पुढे भरण्याची मुदत गेली. निवृत्तीच्या दिवशी हजेरीपटावर ते खलाशीच होते. त्या कागदाचा राग मला पुष्कळ वर्षे आबांवर होता, त्यांनी जोर का लावला नाही म्हणून. स्मॉल्सचे चरित्र वाचताना तो राग योग्य ठिकाणी गेला.

आता मी यादवी युद्धाचे प्रकरण तीन तासिकांत शिकवतो. तिसऱ्या तासाला विद्यार्थ्यांना एक काम देतो. घरी जा, आजी-आजोबांना, आई-वडिलांना विचारा, तुम्ही कोणते काम करत होता आणि कागदावर तुम्हाला काय म्हणत. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा. वह्या येतात. हेल्पर म्हणून लागलेला आणि अख्खे यंत्र खोलून जोडणारा बाप येतो. आया म्हणून लागलेली आणि अडलेल्या बायका सोडवणारी आजी येते. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने पहिली वही दिली. तिचे आजोबा गोदीत होते. तिने दोन रकाने आखले होते, एका रकान्यावर 'हात' आणि दुसऱ्यावर 'नाव' लिहिले होते. डावा रकाना पानभर होता. उजव्यात एकच शब्द होता, मजूर.

ती वही मी परत दिलेली नाही. तिची परवानगी घेऊन ठेवून घेतली आहे. आमच्या इतिहासाची साधने कोठे आहेत असे जेव्हा विचारले जाते, तेव्हा दाखवायला ती लागते.